२४ व्होल्टचा जुना लष्करी ट्रक आणि १२ व्होल्टची कॉइल: गाडी बदलू नका, करंट आवरा

ग्वाल्हेरहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे लष्करी लिलावातून निघालेली, मधे दोन-तीन मालक पाहिलेली निसानची एक-टनी पेट्रोल गाडी आहे. सहा सिलिंडर, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. मूळ कॉइल (प्लगच्या स्पार्कसाठी बॅटरीचे व्होल्ट हजारोंवर नेणारा डबा) गेली आणि २४ व्होल्टची मिळेना, म्हणून मिस्त्रीने बाजारातली १२ व्होल्टची साधी कॉइल लावली. गाडी लगेच चालू झाली. थोड्या वेळात कॉइलला हात लाववेना, तिच्या तोंडातून आतलं डांबर बाहेर आलं आणि पॉइंट (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) काळे पडले. आता मिस्त्री म्हणतो, सगळी गाडीच १२ व्होल्टवर घेऊ. करावं का, किती खर्च येईल, आणि गाडीचं मूळ रूप बिघडेल का, असं ते विचारतात.

इंदुरात माझं काम गाड्यांच्या विजेचंच आहे आणि जुन्या पेट्रोल गाड्या हा त्यातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग. म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी माझं मत. तुमचा सेल्फ आणि डायनमो किंवा अल्टरनेटर २४ व्होल्टवर नीट चालत असतील, तर सगळी गाडी १२ व्होल्ट करू नका. फक्त इग्निशनला, म्हणजे स्पार्क देणाऱ्या भागाला, १२ व्होल्टची कॉइल चालेल अशी सोय करा. काम अर्ध्या दिवसाचं आहे, एकही मूळ वायर कापावी लागत नाही, आणि उद्या खरी २४ व्होल्टची कॉइल सापडली तर तासाभरात सगळं पूर्ववत होतं. सेल्फ आधीच कुणीतरी १२ व्होल्टचा लावलेला असेल, डायनमो नसेलच किंवा वायरिंगची लूम (वायरींचा जुडगा) जळालेली असेल, तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमचा खरा प्रश्न व्होल्टचा नाही. पॉइंटमधून किती करंट जातो, हा आहे. कॉइलवर छापलेला १२ हा आकडा पाहून आपण समजतो की तिला १२ व्होल्ट "द्यायचे" असतात. कॉइलच्या प्रायमरीला, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीला, छापील आकडा कळत नाही. ती तांब्याची तार आहे, तिला ठरावीक ओहम आहेत, तितक्या ओहमला जितके व्होल्ट द्याल तितका करंट ती घेणार. बाजारातल्या साध्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहमची असते. १२ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग चालू असताना १४ व्होल्ट मिळतात. १४ भागिले ३, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. पॉइंटची जोडी एवढा करंट वर्षानुवर्षं सोसते. तुमच्या गाडीत चार्जिंगचे २८ व्होल्ट तिच्यावर थेट गेले, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेले अशा स्थितीत बॅटरीचे २५ व्होल्ट धरले तरी त्या छोट्या डब्यात दोनशे वॅटच्या वर उष्णता तयार होते. डांबर बाहेर येणारच. पॉइंट काळे पडले तेही याच करंटमुळे. मिस्त्रीने लावलेली कॉइल खराब नव्हती, तिच्या वाटेत अडथळा नव्हता एवढंच.

तो अडथळा म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर. कॉइल ३ ओहमची, आपल्याला चार्जिंगच्या वेळीही करंट ४ अँपिअरच्या आसपास ठेवायचा आहे. २८ भागिले ४ म्हणजे एकूण ७ ओहम हवेत. त्यातले ३ कॉइलचे, उरलेले ४ बाहेरून घालायचे. हिशोब एवढाच आहे.

इथे एक शंका बहुतेक जण काढतात आणि ती रास्त आहे: रेझिस्टर घालून आपण स्पार्क कमजोर तर करत नाही ना? उलट आहे, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. पॉइंट मिटल्याबरोबर कॉइलमध्ये पूर्ण करंट उभा राहत नाही, तो हळूहळू चढतो. तो किती लवकर चढतो हे कॉइलच्या इंडक्टन्सवर (करंट बदलायला ती करते त्या विरोधावर) आणि सर्किटच्या एकूण ओहमवर ठरतं. ओहम जितके जास्त तितका करंट आपल्या शेवटच्या पातळीला लवकर पोचतो. आता तुमचं इंजिन ३००० आरपीएमवर घ्या. डिस्ट्रिब्युटर त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, सेकंदाला २५ फेरे, प्रत्येक फेऱ्यात सहा स्पार्क, म्हणजे सेकंदाला १५०. एका स्पार्कच्या वाट्याला साडेसहा मिलिसेकंदांच्या जरा वर वेळ येतो. त्यातले पॉइंट मिटलेले असतात ते साधारण चार मिलिसेकंद. कॉइलचा इंडक्टन्स ८ मिलिहेन्री धरा. १२ व्होल्टच्या गाडीत ३ ओहमवर या चार मिलिसेकंदांत करंट पूर्ण पातळीच्या ७८ टक्क्यांच्या आसपास पोचतो, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या किंचित वर. तुमच्या गाडीत २८ व्होल्ट आणि ७ ओहमवर तो ९७ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ३.९ अँपिअर. वेगात पळताना तुमची बॅलास्टवाली कॉइल साध्या १२ व्होल्टच्या गाडीपेक्षा जोरकस स्पार्क देते. २४ व्होल्टचा हा फायदा आहे, आणि सगळी गाडी १२ वर नेली तर तो आपण हातचा घालवतो.

कमी पडतं ते सेल्फ मारताना. थंडीत सेल्फ फिरत असताना २४ व्होल्टचे १८ होतात. १८ भागिले ७ म्हणजे अडीच अँपिअर. इंजिन तेव्हा हळू फिरत असल्याने करंट चढायला वेळ भरपूर असतो, म्हणून प्लग साफ आणि पॉइंट बरोबर असतील तर एवढ्यावर गाडी चालू होते. आमच्या माळव्याच्या पठारावर कधी अडत नाही. तुमच्याकडे ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीतली पहाट आमच्याहून कडक असते, म्हणून त्यावरचा उपायही पुढे सांगतो.

आता रेझिस्टर कसला घ्यायचा. ४ अँपिअर आणि ४ ओहमला ६४ वॅट होतात. गाडी चालू असताना पॉइंट उघडमीट करत असल्यामुळे प्रत्यक्षात याच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता असते, पण चावी चालू राहून पॉइंट मिटलेले राहिले तर जवळपास सगळी येते. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न किती तापतो हे आठवलं की इथे काय चाललंय याचा अंदाज येईल. म्हणून पांढऱ्या सिरॅमिकचे छोटे रेझिस्टर नकोत. ॲल्युमिनियमच्या बॉडीचे, भोकं पाडून पत्र्यावर आवळता येणारे वायरवाउंड घ्या. मी एक ४ ओहमचा लावत नाही. ८.२ ओहमचे, प्रत्येकी ५० वॅटचे दोन घेतो आणि पॅरलल जोडतो. मिळून ४.१ ओहम होतात. उष्णता दोन जागी वाटली जाते, आणि मुख्य म्हणजे दोहोंपैकी एक वाटेत तुटला तरी दुसऱ्यावर अडीच अँपिअर मिळत राहतात. गाडी जोर कमी दाखवेल, पण घरी आणेल. इंदुरात जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मी असे रेझिस्टर घेतो. ग्वाल्हेरात न मिळाले तर मागवायला सोपी वस्तू आहे.

बसवताना तीन गोष्टींची काळजी घ्या. एक, रेझिस्टर फायरवॉलच्या जाड पत्र्यावर, हवा लागेल तिथे बसवा. लूम, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर यांच्यापासून लांब. या रेझिस्टरवर छापलेले वॅट हे त्याला धातूचा पत्रा मिळाला तरच खरे असतात. हवेत लोंबकळत ठेवलेला ५० वॅटचा रेझिस्टर त्याच्या निम्मीही उष्णता पेलत नाही. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांचा, त्यात बॉनेटखालची गरमी, म्हणून इथे कंजूषपणा नको. दोन, जोड नुसत्या सोल्डरवर ठेवू नका. तापून सोल्डर मऊ पडतं आणि वायर सुटते. थिंबल नीट दाबून, नटबोल्टने किंवा चांगल्या क्रिंपने जोडा आणि जवळच्या वायरवर फायबरग्लासची स्लीव्ह चढवा. तीन, रेझिस्टर चावीच्या वायरीत, कॉइलच्या अलीकडे घालायचा. गाडीला निगेटिव्ह अर्थ असेल तर कॉइलचा प्लस रेझिस्टरकडे आणि मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. उलटी जोडली तरी कॉइल चालते, पण स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि तो निगेटिव्ह असला की स्पार्क सोप्याने उडी मारतो. जुन्या लष्करी गाडीत अर्थ कुठला आहे हे गृहीत धरू नका, बॅटरीपासून केबल धरून बघा.

पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरबद्दल मिस्त्री सांगेल की तोही २४ व्होल्टचा हवा. गरज नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्रायमरीत दोनशे-तीनशे व्होल्टचा धक्का तयार होतो, मग गाडी १२ ची असो की २४ ची. कंडेन्सर बनवलेला असतो तो या धक्क्यासाठी. ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरडचा चांगला नवा कंडेन्सर टाका, बस. पॉइंट मात्र नवीन घ्या, जुने काळे पडलेले घासून परत लावू नका. गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेली असेल तीच ठेवा. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारा) असेल तर सहा सिलिंडरला ६० अंशांपैकी ३५ ते ४० अंश पॉइंट मिटलेले, हा सर्वसाधारण पल्ला. गॅप बदलली की टाइमिंग बदलतं, म्हणून टाइमिंग सगळ्यात शेवटी लावा.

हे सगळं करण्याआधी मात्र मीटर घेऊन गाडीखाली आणि बॉनेटखाली जा. लिलावातून आलेल्या गाडीत मधल्या काळात कुणी काय बदललं असेल ते पाटीवरून कळत नाही. दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. सेल्फवर आणि डायनमोवर लिहिलेलं वाचा. इंजिन चालू असेल तर चार्जिंगचे व्होल्ट बघा. २८ च्या आसपास असायला हवेत. ३० च्या वर जात असतील तर रेग्युलेटर आधी दुरुस्त करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतील. नव्या कॉइलचे ओहम विकत घेतानाच दुकानात मोजा. साध्या मल्टिमीटरच्या वायरींनाच अर्धा ओहम असू शकतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून जो आकडा येईल तो वजा करा. दीड ओहमची कॉइल हातात आली तर ती बॅलास्टसह चालणाऱ्या गाड्यांची आहे. तिला बाहेरून साडेपाच ओहम लागतील आणि रेझिस्टरमधली उष्णता उगाच वाढेल. ३ ओहमचीच घ्या.

आणखी एक वायर शोधा. काही गाड्यांमध्ये सेल्फच्या सोलेनॉइडपासून (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचपासून) कॉइलकडे एक वेगळी वायर येते. सेल्फ मारताना बॅलास्ट टाळून कॉइलला सरळ बॅटरी द्यावी म्हणून ती असते. १२ व्होल्टच्या गाडीत ही सोय चांगली. तुमच्या गाडीत कुणी ती घातलेली असेल तर प्रत्येक सेल्फला पूर्ण २४ व्होल्ट ३ ओहमच्या कॉइलवर जातील. ती वायर कॉइलवरून काढा, टोकाला स्लीव्ह चढवून बांधून ठेवा.

थंडीतल्या स्टार्टिंगसाठी मी जे करतो ते असं. तिसरा ८.२ ओहमचा रेझिस्टर घ्यायचा आणि तो २४ व्होल्टच्या ट्रकवाल्या रिलेमार्फत, फक्त सेल्फ फिरत असताना, बाकी दोघांना पॅरलल जोडायचा. तिघे मिळून २.७ ओहम होतात, एकूण ५.७. सेल्फच्या वेळच्या १८ व्होल्टला तीन अँपिअरच्या वर करंट मिळतो. रिले चिकटून तसाच राहिला तरी २८ व्होल्टला पाच अँपिअरच्या आतच राहतो, म्हणजे नुकसान नाही. रिलेची कॉइल सेल्फच्या वायरीवर घ्या आणि रेझिस्टर रिलेच्या कॉन्टॅक्टमधून. सेल्फच्या टर्मिनलला रेझिस्टर थेट जोडू नका, नाहीतर चावीचा करंट उलट्या वाटेने सोलेनॉइडमध्ये शिरतो.

आता चाचणी. इथे लोक हमखास घाबरतात, म्हणून आकडे देऊन ठेवतो. चावी चालू, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले: कॉइलच्या प्लसवर साडेदहा व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. पॉइंट उघडे असतील तर तिथेच पूर्ण २५ दिसतील. रेझिस्टर बाद झाला असं समजू नका. करंटच वाहत नसला तर रेझिस्टरवर व्होल्ट पडणार कुठून? इंजिन चालू असताना मीटर या दोन्हींच्या मधला काहीतरी आकडा दाखवतो, १८ च्या आसपास, आणि वेग वाढवला की तो आणखी वर सरकतो. "१२ व्होल्टच्या कॉइलवर १८ व्होल्ट" हे पाहून कुणी आणखी रेझिस्टर घालायला गेलं तर बरं चाललेलं काम बिघडेल. खरी परीक्षा मिटलेल्या पॉइंटवरचीच. मोजून झालं की चावी लगेच बंद करा. चावी चालू ठेवून गप्पा मारत उभं राहणं या गाडीला परवडत नाही.

मग काही मिस्त्री सुचवतात तसा बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्टचा टॅप का घेऊ नये, म्हणजे दोहोंपैकी एकाच बॅटरीवर कॉइल का चालवू नये? सोपा दिसतो, म्हणून तो मोह अनेकांना होतो. पण दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात तेव्हा दोघींना चार्जिंगचा करंट सारखाच मिळतो. खालची, म्हणजे अर्थकडची, बॅटरी इग्निशनला शिवाय वेगळा करंट देत राहिली तर ती कायम थोडी उपाशी राहते. रेग्युलेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते. २८ पूर्ण करायला तो वरच्या बॅटरीला जास्त चढवतो, तिचं पाणी आटतं, प्लेटा खराब होतात. खालची सल्फेट होते, वरची उकळते, आणि दोन्ही अकाली जातात. मधे इक्वलायझर (दोन्ही बॅटऱ्यांचं चार्जिंग सारखं ठेवणारं यंत्र) घातला तर हे टळतं, पण एका कॉइलसाठी तेवढा खर्च करण्यापेक्षा दोन रेझिस्टर बरे. बॅटऱ्या बदलाल तेव्हा दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या घ्या. एक नवी आणि एक जुनी ही जोडी २४ व्होल्टच्या गाडीत फार दिवस टिकत नाही.

दुसरा पर्याय २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. ट्रकमध्ये टेपरेकॉर्डरसाठी लावतात तो. त्यातून कॉइल चालते, आणि पुढेमागे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं असेल तर कन्व्हर्टरच लागेल. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला स्थिर १२ व्होल्ट हवे असतात, बॅलास्टमागचे कधी दहा, कधी अठ्ठावीस होणारे व्होल्ट त्याला चालत नाहीत. घेताना दहा अँपिअरचा आणि सेल्फच्या वेळी १८ व्होल्टवरही बंद न पडणारा घ्या. तरीही पॉइंटच्या गाडीला मी कन्व्हर्टर सुचवत नाही. तो गेला की रस्त्यावर दुरुस्त होत नाही. रेझिस्टर गेला तर कुठल्याही गावातला वायरमन पर्याय शोधून देतो. जंगलात नेता येईल अशी गाडी घेतली आहे, तर तिचं इग्निशनही जंगलात दुरुस्त होणारं असावं असं मला मनापासून वाटतं.

सगळी गाडी १२ व्होल्ट करण्याला माझा विरोध का, तेही सांगतो. मुख्य अडचण सेल्फची आहे. २४ व्होल्टचा सेल्फ १२ वर फिरेल, पण व्होल्ट निम्मे झाले की त्याची जास्तीत जास्त ताकद निम्मी नाही, चौथा हिस्सा उरते. सुमारे चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन थंडीत त्याने ओढलं जाणार नाही. म्हणजे सेल्फ बदलायचा. १२ व्होल्टचा तेवढ्याच ताकदीचा सेल्फ दुप्पट करंट मागतो आणि तो करंट जुन्या केबलींत जाताना होणारं नुकसान टक्क्यांत चौपट होतं. म्हणजे केबलीही बदलायच्या. मग डायनमो, रेग्युलेटर, सगळे बल्ब, हॉर्न, वायपरची मोटर, पेट्रोलचा गेज. शेवटी कॉइलच्या निमित्ताने अख्खी गाडी खोलली जाते, आणि जे मूळ सामान निघतं ते भंगारात जातं. ते परत मिळत नाही. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेल्या या एक-टनी आणि जोंगा (लष्कराची मोठी जीप) गाड्या आता संपत चालल्या आहेत. त्यांचं मूळ सामान जपणारा प्रत्येक मालक मला मोलाचा वाटतो.

जिथे सेल्फ आणि डायनमो दोन्ही आधीच गेले आहेत, किंवा लूम जळून राख झाली आहे, तिथे १२ व्होल्ट जरूर करा. पण मग पूर्ण करा. फ्लँज आणि दाते जुळणारा १२ व्होल्टचा सेल्फ, जाड केबली, १२ चा अल्टरनेटर. जुन्या सेल्फची फील्ड नव्याने बांधून घेण्याच्या भानगडीत पडू नका. अर्धी गाडी १२ वर आणि अर्धी २४ वर, कुठली वायर कशाची हे कुणालाच माहीत नाही, अशी अवस्था सर्वांत वाईट.

लष्कराने २४ व्होल्ट घेतले ते उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धातली जीप ६ व्होल्टवर चालत होती. पण वायरलेसचे संच वाढले, तेवढ्याच ताकदीला करंट कमी आणि केबल बारीक लागावी ही गरज आली, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराच्या एम-३७ ट्रक आणि एम-३८ जीपसारख्या गाड्या २४ व्होल्टवर आल्या. त्यांचं इग्निशन पाण्यातून जाता यावं म्हणून बंदिस्त असतं, कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसवलेली, आणि प्लगच्या वायरी धातूच्या जाळीत. ही रचना कुणाच्या गाडीत असेल तर वर सांगितलेला उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही, बाहेरची कॉइल जोडायला डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावरच काम करावं लागतं. तुमच्या वर्णनात कॉइल बाहेर, इंजिनाजवळ आहे, म्हणून तुम्हाला हा त्रास नाही. पण प्लगच्या वायरींवर धातूची जाळी किंवा कॉइलजवळ छोटे सप्रेसर डबे दिसले तर काढून टाकू नका. स्पार्कचा आवाज वायरलेसमध्ये जाऊ नये म्हणून ते असतात. ते का हवेत हे आमच्या जवळच्या महूच्या लष्करी छावणीतला सिग्नलचा कुठलाही जुना माणूस सांगेल. फक्त त्यांची अर्थिंग साफ करा.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे, तर इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी या दोन्ही पट्ट्या काढून, घासून, परत आवळा. सेल्फ मारताना बॅटरीच्या अर्थ टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या वर दिसत असेल तर व्होल्ट तिथेच वाया जात आहेत.

काम झाल्यावर लगेच लांबचा पल्ला धरू नका. मी अशी गाडी आधी वर्कशॉपमध्ये अर्धा तास संथ चालवतो, मग भार पडावा म्हणून खंडवा रोडने भेरूघाटापर्यंत नेतो. चढावर, उघड्या थ्रॉटलला, कमजोर स्पार्क लगेच उघडा पडतो, कारण दाबाखाली प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. तुम्हीही एखादा चढ शोधा. वर पोचल्यावर इंजिन बंद करून कॉइलला हाताची पाठ लावा. गरम लागेल, पण दोन-तीन सेकंद हात ठेवता आला पाहिजे. रेझिस्टरला मात्र चुकूनही हात लावू नका, तो भाजण्याइतका तापतो आणि त्यात काही बिघाड नाही. दुसऱ्या दिवशी पॉइंट उघडून बघा. करडे आणि स्वच्छ असतील तर झालं. निळसर किंवा काळे असतील तर करंट अजून जास्त आहे, किंवा कंडेन्सर बरोबर नाही.

मूळ जळालेली कॉइल फेकू नका. तिच्या प्रायमरीचे ओहम शिल्लक असतील तर मोजून मला कळवा, आणि सोबत दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्ट, चार्जिंगचा आकडा आणि सोलेनॉइडकडून कॉइलला येणारी ती वायर आहे की नाही, हेही लिहा. तेवढं हाती आलं की रेझिस्टर ८.२ चेच घ्यायचे की थोडे वेगळे, हे तुमच्या गाडीपुरतं नक्की सांगता येईल. तोवर नवी कॉइल थेट लावून पाहू नका.